मालबाबूंची विलायती बाटली

हिंगणघाट
ता. १२ डिसेंबर १९५४

ती. अण्णाजींना वासुदेवचा नमस्कार पोचावा.

आपलं कार्ड मिळालं. विमलताईच्या बाळंतपणाला आता महिनाही उरला नाही आणि तिची तब्येत चांगली आहे, हे वाचून बरं वाटलं. आई तिथे आहे म्हणून मी निर्धास्त आहे. इकडे सरकी काढायच्या जिनमध्ये कापसाच्या गाड्यांची रांग पार वेणा नदीच्या रस्त्यापर्यंत लागते आणि माझं जेवण दुपारी चारला होतं. भाजी करपते, भाकरी कच्ची राहते, पण त्याची तक्रार नाही.

आता मुख्य विषय. आपण रागावणार नाही असं धरून लिहितो. बाबांची बाटली कमी होत आहे.

आपल्याला ती माहीत आहे, तरी पुढे वाद नको म्हणून सगळं नीट लिहून ठेवतो. हिरव्या काचेची, चपट्या पोटाची, बुचावर सांबराचं डोकं. १९३१ साली सिंदी स्टेशनवरचा इंजिनिअर साहेब विलायतेस परत गेला, तेव्हा त्याने ती आमच्या बाबांना, म्हणजे तिथल्या मालगोदामाच्या कारकुनाला, मालबाबूंना, भेट दिली. दाढी झाल्यावर पुरुषांनी लावायचं सेंट, असं वर इंग्रजीत होतं. ती अक्षरं आता पुसली आहेत. बाबा रोज सकाळी दोन थेंब घ्यायचे. एक कानामागे, एक मिशीला. मग कोट. मग घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही, आणि स्टेशनवर हमालही बाजूला व्हायचे. वारले त्या दिवसापर्यंत त्यांनी ते लावलं. पुढची तीन वर्षं मी लावतो आहे. आणि तरीही यंदा भाऊबीजेला आपण आलात तेव्हा बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. तेवीस वर्षं! याला म्हणतात विलायती माल.

आपण ताईला आणि आईला घेऊन आंजीला गेलात, त्याला सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत बाटली निम्म्यावर आली. लेबलावर मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. बूच घट्ट आहे, खोलीला कुलूप आहे, आणि त्या खोलीत माझ्याशिवाय झोपलेले एकटे आपण. मी संशय घेत नाही. फक्त तारखा लिहितो.

एरवी मी इतकं मनाला लावून घेतलं नसतं. पण संक्रांतीनंतरच्या रविवारी, आपण ठरवल्याप्रमाणे, सिंदीला बबनरावांची मुलगी पाहायला जायचं आहे. बाबा गेल्यावर वर्षाच्या आत लग्न उरकायचं म्हणून आपण जी दोन स्थळं पाहिलीत, ती कशी गेली ते आपल्याला ठाऊक आहे. आर्वीला मला नाव विचारलं आणि मी बाबांचं सांगितलं. पुलगावला मुलीच्या मामांनी म्हटलं, "इचारा काही पोरीले." मी "नको, उगाच त्रास" म्हणून उठलो आणि बाहेरचं दार समजून न्हाणीघरात शिरलो. दोन्ही वेळा, दुखवट्यात अशा कामाला सेंट नको म्हणून आईने लावू दिलं नव्हतं. आता एकतीस पूर्ण झाली. हे तिसरं स्थळ गेलं तर चौथं कोणी आणणार नाही.

ताईला सांभाळा.

आपला मेहुणा,
वासुदेव


आंजी (मोठी)
ता. १८ डिसेंबर १९५४

वासुदेवराव,

तुमचं पत्र म्हणजे कोर्टाची नोटीस. मी शाळेतून येऊन टोपी काढायच्या आत तुमच्या बहिणीने ते माझ्या हातात दिलं आणि समोर उभी राहिली. बेचाळीसपासून मी खादीशिवाय सूत अंगाला लावलं नाही, पोरांना रोज तकलीवर बसवतो, आणि तुम्ही मला विलायती सेंटाचा चोर ठरवलंत.

पण खोटं बोलायची सवय नाही, म्हणून सांगतो. एक थेंब घेतला होता. भाऊबीज उरकून आम्ही निघालो त्या सकाळी, तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा. कापसाचा फाया करून कानात ठेवला, आमचे आजोबा हिना ठेवायचे तसा. कुतूहल, दुसरं काही नाही. मला त्यात साहेब-बिहेब काही दिसला नाही. मला आठवलं ते आमच्या लहानपणच्या वैद्यबुवांचं कपाट, आणि कपाटाच्या वरच्या फळीवर कोणीतरी संत्री विसरून गेलंय असं. पण गुण मात्र आहे. मोटारीत कंडक्टरने न मागता पुढची जागा दिली. दिवाळीची सुट्टी त्याच दिवशी संपली होती, मी दुपारी शाळेत गेलो तर चौथीचा वर्ग आपोआप उभा राहिला आणि बसेचना. मीही जरा घसा खाकरून घेतला.

संध्याकाळी मात्र विमल माझ्या जवळून गेली आणि थबकली. म्हणाली, "बाबा आलते काय?" मग तिला स्वतःचंच समजलं आणि ती मागच्या अंगणात जाऊन बसली. मी फाया काढून चुलीत टाकला. त्या दिवसानंतर हात लावलेला नाही. म्हणजे माझ्याकडे हिशेब एका थेंबाचा. उरलेल्या अर्ध्या बाटलीचा तुम्ही बघा.

तुमचं पत्र मी जेवताना मोठ्याने वाचलं. बाटली निम्मी झाली हे वाक्य आलं आणि सासूबाईंच्या हातून वरणाची वाटी कलंडली. "किती उरलं म्हनते तो?" असं त्यांनी तीनदा विचारलं. तुमच्या लग्नाची त्यांनी फार धास्ती घेतली आहे असं दिसतं.

आता कान देऊन ऐका. सिंदीला जाताना ते सेंट लावू नका. बबनरावांनी तिसाच्या साली स्वतःच्या लग्नाचा कोट विलायती म्हणून होळीत टाकला होता. अजूनही सदऱ्याला विलायती बटण चालत नाही, नाड्या बांधतात. मुलगी सुलोचना शांत आहे, हुशार आहे, आजीच्या हाताखाली झाडपाला शिकलेली आहे. तुम्ही नुसते जा, नाव स्वतःचं सांगा, आणि दार कोणतं ते आधी बघून ठेवा.

माझ्या थेंबाची गोष्ट बबनरावांच्या कानावर जाता कामा नये.

अण्णाजी


हिंगणघाट
ता. २७ डिसेंबर १९५४

ती. अण्णाजी,

आपल्या थेंबाबद्दल माझ्या मनात काही नाही. फाया चुलीत टाकलात याचं मात्र वाईट वाटलं.

आपण लिहिता लावू नका. आपल्याला ते सोपं आहे. आपण फाया न घालताही चाळीस पोरांसमोर उभे राहता. मी सेंट लावलं नसेल त्या दिवशी जिनच्या फाटकावरचा पहारेकरीसुद्धा मला "कोण पाह्यजे?" म्हणून विचारतो. लावलं असेल तर सलाम करतो. हा माझा भ्रम नाही ना, हे तपासायला मी गेल्या आठवड्यात एक प्रयोग केला. चूक झाली हे आधीच कबूल करतो, कारण बाटली आणखी खाली गेली.

वजनकाट्यावरच्या भैयाजींना एक थेंब दिला. ते म्हणाले, पूजेच्या खोलीचा वास आहे, लवंग-कापूर, आणि दिवसभर त्यांनी एकाही गाडीवानाला शिवी दिली नाही. पण घरी गेल्यावर बायकोने विचारलं, "कोनाच्या घरून येऊन राह्यले?" आणि त्यांचं जेवण बाहेरच्या ओट्यावर झालं. त्यांनी मला परत असलं काही देऊ नका म्हणून बजावलं आहे.

इंजिनावरच्या श्रावण फिटरला दिलं. त्याला त्यात फक्त स्पिरिट आलं. म्हणाला, "बाबू, हे तं दवाखान्यात टोचाच्या आधी लावते ते." तरी तो तसाच मालकाकडे गेला आणि दोन महिने अडलेली रजा घेऊन आला. आमचे खजिनदार बंडूजी म्हणाले, जुना तंबाखू आणि नवा जोडा. त्यांना त्यांच्या काकांची आठवण आली, ते काका कसे मेले ते त्यांनी मला तासभर सांगितलं आणि शेवटी रडले.

सांगायचं इतकंच की वास प्रत्येकाला वेगळा येतो, पण माणूस बदलतो. मला त्यात काय येतं ते कधी कोणाला सांगितलं नाही. मला त्यात बाबांचा कोट येतो, आणि कोटाच्या खिशात हात घालायची माझी हिंमत नसायची, ती येते. सेंट लावल्यावरच येते.

म्हणून सिंदीला एकच थेंब लावीन. कानामागे, टोपीच्या आत. टोपी खादीची घालतो.

वासुदेव


आंजी
ता. ४ जानेवारी १९५५

वासुदेवराव, कार्डावर भागवतो. परवा पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. नाक तुमच्या बाबांचं आहे असं सासूबाई म्हणतात, मला अजून नाकच दिसलेलं नाही.

सासूबाईंचा एक निरोप. ती बाटली कोणाच्या तरी हाती ताबडतोब इकडे पाठवा. कारण विचारलं तर म्हणाल्या, बाळंतिणीच्या खोलीत विलायती वास असला की किडा-मुंगी येत नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, बाळाला दृष्ट लागत नाही. दोन दिवसांत दोन कारणं; त्यांनी जन्मात माझ्याकडे काही मागितलेलं नाही, म्हणून लिहितो. आठ दिवसांत परत पाठवतील म्हणे.

अण्णाजी


हिंगणघाट
ता. ८ जानेवारी १९५५

ती. अण्णाजी,

भाचीला माझे अनेक आशीर्वाद. झबल्याचं कापड घेतलं आहे, हातमागाचं, आपल्याला चालेल असं.

बाटली पाठवता येत नाही. राग मानू नका. सोळा तारीख आठ दिवसांवर आली आणि बाटलीत आता जेमतेम तीन बोटं उरली आहेत. आईला म्हणावं, किडा-मुंगीला कडुलिंबाची धुरी द्या. आणि अण्णाजी, एक थेंब घेतला होता हे आपण मला आधी सांगितलं नव्हतंत, विचारल्यावर सांगितलंत. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

वासुदेव


हिंगणघाट
ता. १८ जानेवारी १९५५

ती. अण्णाजी,

बाळाचं अंग तापल्यामुळे आपण बरोबर येऊ शकला नाहीत, ते एका अर्थी बरं झालं. पाहिलं नाहीत.

एक थेंब ठरवला होता. निघताना बाटली जरा जास्त कलंडली म्हणून दोन झाले, आणि वर्ध्याला गाडी बदलताना वास उडाला असेल असं वाटून शिशीत घेतलेले आणखी दोन लावले. सिंदी स्टेशनवर उतरलो तो ताठ. जुना हमाल भेटला, त्याने नाक वर केलं आणि म्हणाला, "मालबाबूचे पोरगे काय तुमी?" माझी छाती आणखी वर झाली.

बबनराव ओसरीवर चरख्यापाशी बसले होते. मी नाव सांगितलं, स्वतःचं. शिक्षण सांगितलं. जिनमध्ये काय काम करतो ते न अडखळता सांगितलं. अण्णाजी, मी बोलत होतो आणि लोक ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा. मग सुलोचनाबाई सुपारीचं तबक घेऊन आल्या. माझ्यासमोर तबक धरून त्यांनी हलकेच वास घेतला, आणि मागे वळून वडिलांना म्हणाल्या, "बाबा, याच्यात नागरमोथा हाये."

बबनरावांनी "तू चूप बस" म्हटलं. मला वाटलं, उटण्यातल्या मुळीचं नाव घेऊन त्या माझी थट्टा करत आहेत. मी एरवी खाली पाहिलं असतं. पण अंगावर चार थेंब होते. मी म्हटलं, "नागरमोथा नाही. अस्सल विलायती आहे. वडिलांचं. तेवीस वर्षं टिकलं. आपला देशी माल तेवीस दिवस टिकत नाही."

चरख्याचा धागा तुटला. बबनरावांनी तो जोडला नाही. माझ्याकडे वळले, रागाने नाही, काही विचारायचं असल्यासारखे. मग म्हणाले, "मालबाबूचा पोरगा ना तू? आन् तुले हे असं वाटते?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मंग या घरातून पोरगी नाई भेटत. चहा पिऊन जा."

मी चहा प्यालो. तोही नाकारायला हवा होता का, हे मला अजून कळलेलं नाही.

आधीच्या दोन वेळा मी गप्प राहून स्थळ घालवलं, तेव्हा तितकं लागलं नाही. या वेळी बोलून घालवलं. आणि अण्णाजी, एक गोष्ट आपल्यालाच लिहितो. मी उठलो तेव्हा सुलोचनाबाईंनी कोणाच्या लक्षात येणार नाही असं बोटाने दाखवलं, बाहेरचं दार कोणतं ते. पुलगावची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली असणार. हसल्या, पण मला नाही हसल्या. मला ती मुलगी फार आवडली.

बाटली आता आपण मागवून घ्यावी. मला नको.

वासुदेव


आंजी
ता. २५ जानेवारी १९५५

वासुदेव, मी विमल लिहिते आहे. आई सांगते तसं लिहायचं, एक अक्षर बदलायचं नाही, अशी तंबी आहे. हे शाळेत गेले आहेत, ते यायच्या आत पत्र टपालात पडलं पाहिजे.

"वासुदेवा, तुह्या सिंदीचं जावईबापूनं वाचून दाखवलं. मले जेवन गेलं नाई. म्या तुले एक गोष्ट सांगतो, तू रागाऊ नको.

साहेबानं देल्लेली बाटली तेहतीस सालच्या दिवाईतच सरली. सरली नाई, म्या सांडली. फडताळ झाडून राह्यलती, धक्का लागला. सारं शेनाच्या जमिनीत मुरलं. तुहे बाबा ड्यूटीवर गेलते. मले वाटलं आता घर डोक्यावर घेतीन. कंपाउंडरची बायको शेजारी राहे, तिच्याकडून चार बोटं स्पिरिट आनलं. माह्या मायच्या घरी उटनं बनवत, ते मले येत होतं. वाळा घातला, नागरमोथा घातला, लवंगा, कापूरकचरी, संत्र्याचे वाळले छिलके, आन् त्याईच्या तंबाखूची एक चिमूट. आठ दिवस फडक्यात बांधून ठेवलं, गाळलं, बाटलीत भरलं. तवरक बाटली लपवून ठेवली आन् सांगितलं का सापडून नाई राह्यली.

त्याईनं लावलं. म्या दाराआड उभी होती. त्याईनं मिशीले लावलं, थोडे थांबले, आन् म्हनाले, देवका, आज वास खुलला."

(वासुदेव, इथे मी आईला पाणी दिलं.)

"मंग काय सांगू? दर महिन्याच्या चतुर्थीले थोडं थोडं भरत गेली. अठरा वर्सं. त्याईले समजलं नाई. ते रोज सकाई हेच म्हनत, आज वास खुलला. ते गेले, तू लावाले लागला, तं म्या तुह्यासाठी भरत गेली. बाटली कमी होऊन राह्यली ते कोनी चोरत नाई, बावा. म्या तिथं नाई, एवढंच. म्हनून बाटली मांगत होती, का भरून पाठवतो.

ते पोरगी खरं बोलली. तिले नागरमोथा समजला, म्हनजे पोरगी सोन्यासारखी हाये. बबनरावले जाऊन सांग का हे घरचं हाये. तुह्या बाबाचं हसू होईन, होऊ दे. पोराच्या संसारापायी झालं तं त्याईले चालन."

(मला स्वतःचं एक वाक्य लिहू दे. मला लहानपणापासून वाटायचं की बाबांचा आणि आईच्या फडताळाचा वास सारखा का आहे. मी समजायची, बाबांमुळे फडताळाला येतो. विमल.)


हिंगणघाट
ता. ३० जानेवारी १९५५

ती. आईस,

पत्र चारदा वाचलं. रागावलो नाही. दोन दिवस बाटलीकडे पाहवलं नाही, मग बूच काढून वास घेतला. आता मला त्यात वाळा येतो, लवंग येते, सगळं वेगवेगळं येतं. इतकी वर्षं का आलं नाही ते देव जाणे.

पण मी सिंदीला जाणार नाही. तिथे अजून बाबांना मालबाबू म्हणून ओळखतात. तो हमाल माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला, तो वासाला. त्या गावात जाऊन मी सांगू की आमचे वडील अठरा वर्षं फसले आणि रोज उठून नागरमोथ्याला विलायती म्हणत होते? मुलगी मला हवी होती. अजून हवी आहे. पण बाबांना हसं करून नको. तूही कोणाला सांगू नको. अण्णाजींना तर नकोच.

ताईला आणि बाळाला आशीर्वाद.

वासुदेव


आंजी
ता. १३ फेब्रुवारी १९५५

वासुदेवराव,

तुमच्या मते मला काहीच माहीत नाही. मला सगळं माहीत आहे, कारण कालचा दिवस मी सिंदीत काढला. सासूबाईंनी तुमचं पत्र घडी करून कनवटीला लावलं, बाळाला सव्वा महिना होईपर्यंत वाट पाहिली, आणि काल सकाळी हातात एक गाठोडं घेऊन म्हणाल्या, "सिंदीले चाला. तुमी येत नसान तं म्या एकली जातो." मी शाळेला रजा टाकली.

बबनरावांच्या ओसरीवर त्या बसल्या, गाठोडं सोडलं, वाळ्याच्या काड्या, मोथ्याचे गड्डे, लवंगा, छिलके एकेक करून चरख्यासमोर मांडलं आणि सगळी हकीकत सांगितली. सांडल्यापासून. मान वर केली नाही. शेवटी म्हणाल्या, "ते भोळे होते. त्याईले समजलं नाई. त्याईले हसा, पन पोराले नाई म्हनू नका."

बबनराव हसले नाहीत. ते उठून आत गेले, तांब्याभर पाणी आणून सासूबाईंपुढे ठेवलं आणि म्हणाले, "वहिनी, मालबाबूले मालूम होतं."

जे ऐकलं तसंच लिहितो. छत्तीस सालची गोष्ट. बबनराव मालधक्क्यावर खादीची गाठोडी सोडवायला गेले होते. तिथे ते बाबांना म्हणाले, आमच्यासारख्याच्या गावात राहता आणि विलायती वास मारत फिरता, लाज नाही वाटत? बाबांनी त्यांना गोदामाच्या मागे नेलं. म्हणाले, "हे माह्या बायकोनं बनवलं हाये. साहेबाचा माल कवाच सरला. मले पह्यल्या दिवशीच समजलं, माह्याच तंबाखूचा वास मले येनार नाई काय? तिले वाटते, मले मालूम नाई. वाटू दे. मालूम झालं तं लाजून बनवनं बंद करन. तिले सांगजो नोको." बबनरावांनी शब्द दिला आणि एकोणीस वर्षं पाळला.

सासूबाईंनी वाळ्याच्या काड्या गोळा करायला घेतल्या. मग एकदम चिडल्या. म्हणाल्या, "मंग येकदा तरी म्हनाचं ना, का तुह्या हातचं बरं झालं." बबनराव म्हणाले, "रोज सकाई काय म्हनत होते ते?" तेव्हा कुठे त्यांनी पदर डोळ्यांना लावला. खरं सांगतो, मीही माझा रुमाल काढला. खादीचा.

आता तुमचं. तुम्हाला विलायती वासापायी नाकारलं असं तुम्ही समजलात, मीही समजलो. ते तसं नाही. बबनराव म्हणाले, "पोरगं म्हनते तेवीस वर्सं टिकलं. अरे, मायनं भरलं म्हनून टिकलं. बापाले पह्यल्या दिवशी समजलं ते याले तेवीस वर्सांत समजलं नाई. माही पोरगी याच्या घरी जन्मभर भरत राहीन, आन् हा म्हनन, माल चांगला हाये." यावर मी तुमची बाजू कोणत्या तोंडाने मांडू? चार भिंतींच्या आत मी काय वेगळा आहे?

तेव्हा सासूबाईंनी कनवटीचं पत्र काढलं आणि मला वाचायला लावलं. 'बाबांना हसं करून नको' इथपर्यंत आलो आणि बबनरावांनी हात वर केला. म्हणाले, "आनखी एकदा येऊ द्या त्याले." अटी काही नाहीत. फक्त अंगाला काही न लावता या, म्हणजे माणूस दिसेल.

आम्ही निघालो तेव्हा सुलोचना आणि सासूबाई ओट्यावर मोथ्याचे गड्डे घेऊन बसल्या होत्या. सुलोचना म्हणत होती, लवंग जास्त पडते, ती बाकीच्यांना दाबते. सासूबाई म्हणाल्या, माझं प्रमाण एकवीस वर्षांचं आहे. ती म्हणाली, तरी जास्त पडते. सासूबाई फार खूश दिसल्या.

अण्णाजी


हिंगणघाट
ता. २१ फेब्रुवारी १९५५

ती. अण्णाजी,

काल सिंदीला जाऊन आलो. काही लावलं नव्हतं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने निघताना मला ओळखलं नाही, बबनरावांनी ओळखलं. पुष्कळ अडखळलो. बबनरावांनी विचारलं, काय बोलायचं आहे. मी म्हटलं, देशी मालाबद्दल बोललो ते शब्द परत घेतो, आणि आईच्या हातचं ओळखलं नाही याची लाज वाटते. त्यानंतर मी चरख्यापाशी बसून नुकताच तुटलेला धागा जोडायला घेतला. जोडता आला नाही. सुलोचनाबाईंनी जोडला.

वैशाखातली तारीख आपण दोघांनी मिळून काढा.

वासुदेव


हिंगणघाट
ता. १९ जून १९५५

ती. अण्णाजी,

लग्नाच्या धावपळीत आपले जोडे बदलून गेले होते ते सापडले, भैयाजींच्या पायात. पाठवतो. आईला बाळाशिवाय करमत नाही म्हणून ती लग्नानंतर आठच दिवसांत परत आपल्याकडे आली, याबद्दल माझी काही तक्रार नाही. तिला हवं तितकं ठेवून घ्या.

लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. बाबांची बाटली मी जानेवारीपासून फडताळात मागे सारून ठेवली होती. तळाशी बोटभर उरलं होतं, ते तसंच राहू द्यायचं ठरवलं होतं. आज सकाळी दाढी झाल्यावर वस्तऱ्याचा डबा ठेवायला फडताळ उघडलं, तर बाटली पुढे आलेली. गळ्यापर्यंत भरलेली.

आई आंजीला आहे. घरात आम्ही दोघंच. सुलोचना चुलीपाशी पाठ करून बसली होती आणि भाकरी इतक्या मन लावून थापत होती की मी आलेला तिला दिसलोच नाही. मी काही विचारलं नाही. बूच काढलं, एक थेंब कानामागे, एक मिशीला. मिशी अजून फारशी नाही, पण लावला. लवंग कमी आहे. सुलोचनेचं बरोबर होतं, बाकीचं सगळं आता नीट येतं, संत्रंसुद्धा.

मग मी कोट घातला आणि दारात उभं राहून जरा मोठ्यानेच म्हटलं, "आज वास खुलला." भाकरी थापायचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

हे पत्र आईला वाचून दाखवा. पण मला समजलं आहे, एवढं सुलोचनेला कोणी सांगू नका.

वासुदेव